उठली की जागा गेली

दुलया शिवायच्या त्या कारखान्यात तिला सगळ्या उंटीण म्हणायच्या, आणि ती ओ द्यायची. नुसती ओ नाही, मान उंच करून, खालचा ओठ पुढे काढून, अगदी उंटिणीच्या थाटात. दुसरी कुणी असती तर नाव ठेवणारीच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण हिला ते नाव म्हणजे पदक! कारण ते तिच्या लांब मानेवरून पडलं नव्हतं. मान होती लांब, नाही असं नाही. पण नाव पडलं होतं पाण्यावरून. सकाळी एकदा मशीनवर बसली, की संध्याकाळी भोंगा वाजेपर्यंत ही बाई पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही आणि जागची हलायची नाही.

आता हा खुळेपणा कशासाठी, तर शेगडीसाठी.

कारखाना म्हणजे काय, वर पत्रा, खाली फरशी आणि मध्ये मशिनींच्या दोन रांगा. दुलयांचा हंगाम थंडीतच, आणि थंडीत तो पत्रा असा गारठायचा की सुई बोटात गेली हेही रक्त आल्यावर कळायचं. कापूस आतल्या खोलीत असायचा, म्हणून या खोलीत एक, फक्त एक कोळशाची शेगडी ठेवायची परवानगी होती. तीही लोखंडी पिंजऱ्यात. ठिणगी उडू नये म्हणून पिंजऱ्याला तीन बाजूंनी पत्रा ठोकलेला, चौथी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूसमोर एकच मशीन मावायचं. तिथे बसणारीचे गुडघे शेकायचे, बोटं चालायची, नाक गळायचं नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून दात वाजवायचे.

त्या जागेवरून एकदा दोघींची अशी जुंपली, की मुकादमीणबाईंनी नियमच करून टाकला. जी आधी येईल ती बसेल, आणि उठली की जागा गेली. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर आपली कात्री ठेवून जायला मुभा. एरवी कशासाठीही उठलीस, शिंकायला उठलीस, मरायला उठलीस, तरी गेली. पोरं खेळात करतात तसा नियम. पण बायका पोरांपेक्षा वाईट, त्यांनी तो पाळला!

आणि मोरी कुठे? तर आवाराच्या पार पलीकडे. जायचं म्हणजे बोचऱ्या वाऱ्यातून जायचं, तिथल्या पिंपातलं बर्फासारखं पाणी घ्यायचं, कुडकुडत परत यायचं. तोवर शेगडीपाशी दुसरीच ठाण मांडून बसलेली.

उंटिणीने यावर डोकं चालवलं. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? घरून निघताना अर्धा कप चहा, तोही ओठ ओले करण्यापुरता. डबा खाताना पाणी नाही, घास तोंडात या गालातून त्या गालात फिरवत बसायची. थंडीत तहान तशीही लागत नाही, त्यामुळे हे जड गेलं नाही. पहिल्या थंडीत तिने जागा मिळवली, दुसरीत टिकवली, आणि पुढे तर ती जागा माहेरून आंदण आल्यासारखी वागू लागली. 

आता तिची जाऊ. एकाच घरातल्या दोन सुना, चूल वेगळी, भिंत एक. धाकटीही त्याच कारखान्यात, दाराजवळच्या मशीनवर, जिथे वारा पहिल्यांदा येऊन हजेरी लावायचा. धाकटीला मागे एकदा मुतखड्याने असं लोळवलं होतं की तिच्या किंकाळ्या भिंतीपलीकडे उंटिणीने रात्रभर ऐकल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून धाकटी एक भलीमोठी बाटली घेऊन यायची. झाकण म्हणजे एक लहानसा पेलाच. शिवण थांबली की झाकणभर पाणी प्यायची, आणि अर्थातच अधूनमधून उठून खिळ्यावरची मोरीची किल्ली घेऊन आवाराच्या पलीकडे जायची.

उंटिणीने तिचं नाव ठेवलं नळ.

"आला गं आला, नळ आला!" धाकटी उठली की ही शेगडीजवळून ओरडायची. "बादल्या लावा!"

सगळी रांग फिदीफिदी हसायची. धाकटी हसण्यावारी न्यायची, दुसरं काय करणार. एकदा फक्त म्हणाली, "जाऊबाई, तुम्हीपण दोन घोट घेत जा. थंडीत तहान लागत नाही म्हणून पोटाला लागत नाही असं नसतं."

"मी उंटीण आहे बाई," ही मान हलवत म्हणाली. "मला पाठीवर साठा आहे. तू बघ तुझी टाकी."

पण नुसत्या चिडवण्याने हिचं पोट भरेना. एका गारठ्याच्या दिवशी तिने सकाळी येतायेता खिळ्यावरची किल्ली उचलली आणि ती मांडीखाली घालून बसली. बसल्या बसल्या, म्हणजे जागेवरून न उठता, मजा! दुपार व्हायच्या आत धाकटी उठली. खिळा रिकामा. तिने मुकादमीणबाईंच्या टेबलावर बघितलं, खाली बघितलं, मग एकेकीला विचारत फिरली. सगळ्यांना ठाऊक होतं. एकही बोलली नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि खांदे हलतायत.

"जाऊबाई, किल्ली दिसली का हो?"

"उंटाला काय ठाऊक किल्लीचं?" ही पायाने मशीन चालवतच राहिली. "वाळवंटात मोऱ्या नसतात."

धाकटी तिच्यासमोर उभी राहिली. पाय एकमेकांना घट्ट लावून, बाटली छातीशी धरून. तिला कळलं होतं की किल्ली कुठे आहे. ती मागतही नव्हती, नुसती बघत होती. आणि बघता बघता जे व्हायचं ते झालं. फरशीवर ओघळ शेगडीच्या पिंजऱ्यापर्यंत गेला.

"अगंबाई!" उंटीण टाळी वाजवून म्हणाली, "नळ गळका निघाला!"

काय हसल्या म्हणता त्या. मुकादमीणबाईंनी तोंडाला पदर लावला, पण पदराआड त्याही हसल्याच. धाकटीने आपल्या हाताने फरशी पुसली, ओल्या कपड्यांनी घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन परत आली. त्यानंतर तिने उंटिणीला पाणी प्या म्हणून कधी सांगितलं नाही.

आपण हसे लोकाला, ही म्हण उगाच नाही. पण तिचा दुसरा अर्धा भाग वाट बघत होता.

दिवसभर एका जागी बसून उंटिणीची कंबर धरायची. डोकंही ठणकायचं, सकाळी तर असं की पापण्यांवर कुणी विटा ठेवल्यात. औषधाच्या दुकानातला माणूस ओळखीचा झाला होता. ती नुसती कमरेवर हात ठेवायची, तो गोळ्यांची पट्टी पुढे करायचा. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. "एक घ्या, नाही थांबलं तर अजून एक," एवढंच त्याचं वैद्यक. थंडी सरेपर्यंत ती गोळी तिच्या रोजच्या जेवणात आली. आणि पाणी तर प्यायचं नाही! मग ती गोळी कोरडीच गिळायला शिकली. मान मागे टाकायची, एक हिसका द्यायचा, गेली. बायका म्हणायच्या, "दाखव ना गं परत," आणि ही दाखवायची. एका वेळी एक गोळी पुरली असती तिथे टाळ्यांसाठी दुसरी जायची.

मग तिचे गाल भरायला लागले.

"काय गं," मुकादमीणबाई म्हणाल्या, "माहेरी जाऊन आलीस वाटतं. तेज आलंय तोंडावर."

उंटीण आरशात बघून खूश. इतकी वर्षं गालांची हाडं दिसायची, आता कसे गुबगुबीत झाले. नवरा बिचारा कमी बोलणारा, सायकलवरून दूध पोचवणारा माणूस. तो म्हणाला, "डोळे सुजलेत तुझे." तर ही म्हणाली, "झोप झाली की डोळे असेच दिसतात. तुम्हाला बायको बघायची सवय नाही." त्याने परत दुधाच्या किटल्या मोजायला घेतल्या.

चपला घट्ट व्हायला लागल्या, तर थंडीत पाय फुगतात म्हणाली. लघवी चहासारखी लाल व्हायची, वर फेस यायचा, तर त्याची तिने वाच्यताच केली नाही. कुणाजवळ करणार? ज्या विषयावरून दुसरीला नळ म्हटलं, त्या विषयावर आपण तोंड कसं उघडायचं? आपल्याच जिभेने स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं, आणि किल्ली कुणाच्या मांडीखाली ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पुढच्या थंडीत तिचं अन्नावरचं मन उडालं. डबा उघडला की वासाने मळमळायचं. अंगाला खाज सुटायची. तरी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. एका सकाळी ती शेगडीपाशी बसली, दोऱ्याचं टोक ओठांत धरलं आणि एकदम भडभडून आलं. कुणीही उठून बाहेर पळालं असतं. ही उठली नाही! मांडीवरची चिंध्यांची टोपली तोंडाशी धरली, त्यातच ओकली, तोंड पुसलं आणि परत दोरा ओवायला लागली.

"अगं, बाहेर जा!" शेजारची ओरडली.

"जाते म्हणजे जागा तुला मिळते," उंटीण म्हणाली. "बस तिकडेच."

सुईच्या भोकात दोरा काही जाईना. दोन सुया दिसत होत्या, मग तीन. मग ती हळूच, दुलईची घडी कलंडावी तशी, एका बाजूला कलंडली.

चौघींनी तिला उचललं. आणि खरं सांगायचं तर ती दारापर्यंतही पोचली नव्हती, तोवर चिमणी म्हणून एक नवी, किडकिडीत बाई होती, ती सुळकन त्या जागेवर जाऊन बसली.

"अगं, ती उठली कुठे, उचलली तिला!" कुणीतरी म्हणालं.

"उचलली तरी गेली," चिमणी म्हणाली आणि हात शेकायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा नाकावर, जीभ उंटिणीपेक्षा धारदार. त्यांनी रक्तदाब बघितला, परत बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले. पायाच्या नडगीवर अंगठा दाबला, तिथे वाटीसारखा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पाणी किती पिता?"

आणि काय सांगावं, त्या अवस्थेतही हिची मान उंच झाली. "दिवसभर एक थेंब नाही. आमच्याकडे कुणाला जमत नाही."

"शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि लघवी?"

"घरी गेल्यावर."

"दुखण्याच्या गोळ्या?"

हिने पिशवीतून पट्ट्या काढल्या. रिकाम्या पट्ट्याही तिने साठवल्या होत्या, चकचकीत म्हणून. डॉक्टरीणबाईंनी त्या टेबलावर पसरल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "उन्हाळ्यात सगळे एकमेकांना पाणी प्या म्हणून सांगतात. थंडीत कुणी सांगत नाही. पण किडनीला थंडीची सुट्टी नसते. वरून थंडीत रक्तदाब चढतो, तो यांनी कधी तपासला नाही. पाणी नाही, लघवी दाबून धरलेली, त्यात या गोळ्या रोज. एकेक गोष्ट वेळेत सापडली असती तर आवरता आली असती. सगळ्या मिळून किडन्या खाऊन बसल्या."

"मग आता पाणी पीन की," उंटीण म्हणाली. एवढंच ना? जागा गेलीच होती, आता पाणी प्यायला काय हरकत! "तुम्ही सांगाल तेवढं पीन."

"आता नाही प्यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता प्यायलेलं बाहेर काढणारं कुणी उरलेलं नाही. पायात साठेल, छातीत साठेल. आता मोजून."

असे दिवस आले बाई. ज्या जिभेने कधी पाणी मागितलं नाही, तिला आता पाण्याशिवाय काही सुचेना. तहान म्हणजे काय हे तिला इतक्या उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा प्यायची सोय उरली नव्हती. शेजारणीने भांडी विसळली तरी ही कान टवकारायची. नळाचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायची, जसं कुणी प्रेमाचं गाणं म्हणतंय.

आणि पाणी मोजायचं कुणी? नवरा पहाटेचा दुधावर. धाकटीने ते काम घेतलं. तिच्याच बाटलीचं झाकण माप ठरलं. ठरल्या वेळी ती यायची, झाकणात पाणी ओतायची, अगदी काठाच्या आत, आणि हातात द्यायची.

"धाकटे, अजून एक दे गं."

"दुपारी."

"जीभ टाळूला चिकटलीय बघ. मरते मी."

"जास्त दिलं तरी मराल, जाऊबाई."

"तू सूड उगवतेस ना? त्या दिवसाचा?"

धाकटीने झाकण पुसलं, बाटलीवर घट्ट बसवलं. "डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं देते," म्हणाली. आणि दाराशी जाऊन थांबली. "पण खोटं कशाला बोलू? घट्ट लावताना बरं वाटतं थोडं."

 

हाताचं एक लहान ऑपरेशन झालं. मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडली, तिथून मशीनची नळी लावायची म्हणून. तिथे शीर दोरखंडासारखी फुगली आणि रात्रंदिवस आतून घर्रर्र करायची. बोट ठेवलं की बोटाला मुंग्या येतील अशी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत जायचं, खुर्चीवर पडायचं, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत. धाकटी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन सोबत जायची.

अशाच एका दिवशी, कडाक्याची थंडी पडलेली, उंटीण म्हणाली, "वाटेत कारखान्यात थांबू. माझी कात्री राहिलीय."

कात्री राहिली होती हे खरं. पण कात्रीसाठी कुणी एवढं केस विंचरून जात नाही.

आत गेल्या तर शेगडीपाशी चिमणी. ओठ फुटलेले, त्यावर दोऱ्यासारख्या भेगा. शेजारी डबा अर्धा खाल्लेला, पाणी नाही. उंटिणीने तिच्याकडे बघितलं आणि तिला स्वतःलाच बघितल्यासारखं वाटलं, फक्त मान आखूड.

"सकाळपासून उठली नाही ही," मुकादमीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुझी गादी चालवतेय हो."

"कंबर दुखते का गं?" उंटिणीने विचारलं.

"दुखते की. गोळी घेते. कोरडी गिळते मीपण!" चिमणीने मान मागे टाकून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्या, त्याच बायका.

उंटीण तिच्याजवळ गेली, बाही वर सारली आणि हात तिच्या नाकासमोर धरला. "बोट ठेव."

"ईऽऽ, काय ते?"

"ठेव म्हणते ना. घाबरतेस? माझी गादी चालवतेस आणि घाबरतेस?"

चिमणीने बोट ठेवलं. आत घर्रर्र.

"मशीन आहे," उंटीण म्हणाली. "आतून शिवणं चालू असतं. रात्री कानाखाली हात घेऊन झोपले की झोपू देत नाही. याच जागेवर मिळालं मला. तुझंही माप घेऊन ठेवलंय दवाखान्यात."

चिमणी किंचाळली आणि हात झटकून ताडकन उभी राहिली.

झालं! उंटीण पटकन त्या जागेवर बसली.

"उठली की जागा गेली," म्हणाली.

काय हशा पिकला! चिमणीला शहाणं करायला ती गेली होती, की गुडघे शेकायला, ते तिचं तिलाच ठाऊक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. पण तिने गुडघे पुढे केले, डोळे मिटले आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर अशी काही शांती आली, की बघणाऱ्यांचं हसू आपोआप थांबलं.

चिमणी समोर हाताची घडी घालून उभी. धक्का केव्हाच ओसरला होता. "बसा की," म्हणाली. "बघू किती वेळ बसता. तुम्हाला मशीनवर जायचंय ना? त्या मशीनवर?"

बोलण्याची ढब अगदी उंटिणीची. कुणीतरी खुदकन हसलं.

"जाऊबाई, वेळ झाली," धाकटी हळू म्हणाली.

उंटीण उठली. उठावंच लागलं. तिचा पदर पुरता बाजूला व्हायच्या आत चिमणी त्या उबेवर जाऊन बसलीसुद्धा. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, आणि त्या सुपाला खाली काय आहे ते दिसत नाही.

दाराशी उंटीण थांबली. "धाकटे, तुझी बाटली ठेव तिच्याजवळ."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग परत गेली आणि बाटली चिमणीच्या मशीनवर ठेवली. झाकण मात्र काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं, संध्याकाळच्या मापाला लागणार होतं.

"अगंबाई, उंटिणीने नळ लावला!" मागून आवाज आला, आणि सगळी रांग हसली. चिमणीने बाटली बोटाने ढकलून कडेला सारली. ती खाली पडली आणि लवंडली. फरशीवरून पाण्याचा ओघळ शेगडीच्या पिंजऱ्याकडे निघाला. तो बघताना उंटिणीची जीभ ओठांवरून फिरली. कात्री विसरली ती विसरलीच.

डायलिसिसच्या खोलीत तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. हाताला सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या. रक्त बाहेर जायला लागलं की थंडी वाजते, हाडांच्या आतून वाजते, तशी वाजायला लागली. नर्सने एक दुलई आणून अंगावर टाकली. उंटिणीने मोकळ्या हाताने कडेची शिवण चाचपली. टाके सैल, दाराजवळच्या मशीनवरचे. गारठलेल्या बोटांनी घातलेले.

"तुझीच आहे बघ," ती धाकटीला म्हणाली. "वाकडी शिवण."

"निजा आता."

उंटीण निजली नाही. खुर्चीत दुपारभर पडून राहिली, जराही हलली नाही. हलायची परवानगीच नव्हती. दाराबाहेर पुढचे पेशंट ताटकळत होते, पण या जागेवरून तिला कुणी उठवणार नव्हतं, आणि ती मिळवण्यासाठी कुणी लवकरही येणार नव्हतं.